मोरचेलाच्या आड

दत्ताराम गावकर गेल्याचं पत्र श्रावणात आलं. त्यांच्या मुलाने गावाहून लिहिलेलं, पोस्टकार्डावर, जेमतेम सहा ओळींचं. चौथी ओळ अशी होती : ‘शेवटचे आठ दिवस आवाज गेला होता, नुसते ओठ हलवीत, आम्हांस काही समजले नाही.’ ती वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. त्या घरात ओठ वाचणारं कुणी नव्हतं. मी वाचू शकले असते. ती विद्या मला त्यांनीच शिकवली होती.

लालबागच्या आमच्या चाळीत ज्यांनी त्यांना उशिरा पाहिलं, त्यांच्या लक्षात ते राहिले ते वळून पाहणारा माणूस म्हणून. रस्त्याने दहा-बारा पावलं चालायचे, थांबायचे आणि मागे वळायचे. नुसती मान नव्हे, अख्खं अंग वळायचं. मागचा रस्ता नीट पाहून घ्यायचे आणि पुन्हा चालू लागायचे. नाक्यावरचा पानवाला हटकून विचारायचा, “काय गावकर, कोण येतंय मागून? सासरा?”

“कोण नाय,” ते म्हणायचे. “तेच बघतोय.”

मी त्यांना त्याआधीपासून ओळखत होते. तेव्हा ते वळून पाहत नसत.

तिसऱ्या मजल्यावर आमची आणि त्यांची खोली लागून होती. माझे वडील गिरणीत टाइमकीपर, दत्तारामभाऊ त्याच गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर. बायको-मुलं गावी. इथे खोलीत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंत, दोघंच. तोही विणकर, तोही त्याच पाळीला, साचेही शेजारशेजारचे. खोलीत दोन ट्रंका, एक स्टोव्ह, गणपतीची तसबीर आणि खुंटीवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक मोरचेल. राजाच्या बाजूला उभं राहून वारा घालतात ते, मोरपिसांचं. माझ्या आईला त्या मोरचेलाचं कोण अप्रूप. गिरणीकामगाराच्या खोलीत राजाची वस्तू!

वसंत बिनलग्नाचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. उंच, नाकेला, बोलका. थोरल्या भावाला ‘दादा’ म्हणे. चाळीत त्यांना सगळे ‘गावकर’ म्हणत, मी ‘दत्तारामभाऊ’ म्हणे. त्यांना दादा म्हणणारा जगात एकच माणूस होता.

साचेखात्यात शेकडो माग एकदम चालत आणि धोट्यांची खडखड इतकी असे की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. त्यामुळे विणकर आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचे. वर्षानुवर्षं तसं काम केल्यावर ती सवय घरीही येई. संध्याकाळी गावकर बंधू आमच्या बाजूच्या गॅलरीत आणि त्यांचा एखादा खातेभाऊ चौकापलीकडच्या गॅलरीत उभा राही आणि मधल्या अंतरातून तासभर गप्पा चालत, एका शब्दाचाही आवाज न होता. खाली घरमालकाचा भाडेवसुलीचा मेहता नळावरून आरडाओरडा करत असे आणि वर हे तिघे त्याच्यावर काहीतरी बोलून पोट धरून हसत. मेहता वर पाही. माणसं गप्प. गप्प आणि हसणारी. त्याला फार राग येई.

मी तेव्हा नुकतीच म्युनिसिपालटीच्या शाळेत शिक्षिका लागले होते. मला त्या बोलण्याचं कुतूहल. एकदा मी विचारलं, “दत्तारामभाऊ, मला शिकवाल?”

“तुम्ही बाई मास्तरीण. तुम्हाला आम्ही काय शिकवणार!” म्हणाले, पण शिकवलं. दोन पावसाळे लागले. त्यांची शिकवण्याची पद्धत कडक होती. ओठांकडे बघायचं नाही, म्हणायचे, सगळ्या तोंडाकडे बघायचं. “ओठ खोटं बोलतात. गाल नाय बोलत.” आणखी एक त्यांचं वाक्य : “आवाज काय, कोण पण काढतो. तोंड नीट उघडावं माणसाने.” वर्गात पोरांना उच्चार शिकवताना हे वाक्य मी पुढे तीस वर्षं वापरलं.

गिरणीतल्या पोरांचं एक नाटक मंडळ होतं. दत्तारामभाऊ तिथे प्रॉम्प्टर, पण विंगेत उभे राहून कुजबुजणारे नव्हेत. त्यांची गोष्टच वेगळी होती. मंडळाचं गाजलेलं नाटक होतं ‘अडीच गावांचा राजा’. कुणा एकाने लिहिलेलं नव्हे. तालमीत ज्याला जे सुचलं ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि त्या वहीचंच नाटक झालं. एका टिचभर संस्थानाचा राजा. बादशहाचा वकील येणार, म्हणून त्याला दरबार भरवायचा आहे, पण राज्यात माणसंच नाहीत. मग पाच माणसं पगड्या बदलून बदलून पुन्हा पुन्हा आत येतात आणि वकिलाला वाटतं, केवढा हा दरबार! प्रधान तोच, सेनापती तोच, कोतवालही तोच. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडत.

राजा वसंत. दत्तारामभाऊ त्याच्या बाजूला मोरचेल घेऊन उभे. दाढीमिशा लावलेले, पागोटं घातलेले, सबंध नाटकभर एक शब्दही न बोलणारे. आणि तिथून ते सगळं नाटक चालवत. नट सगळे विणकर. ज्याचं वाक्य अडे तो अदबीने राजाकडे बघितल्यासारखं करी आणि मोरचेलवाल्याच्या तोंडावरचं वाक्य उचली. वसंताला पाठांतराचा कंटाळा. मोठं वाक्य आलं की तो ऐटीत मान वळवी, मोरचेलवाल्याकडे एक कटाक्ष टाकी, ओठांनी नुसतं ‘दादा’ म्हणे. दादा ओठांनी वाक्य देत. मग राजा समोर वळून ते खड्या आवाजात फेकी. बघणाऱ्याला वाटे, काय राजाचा रुबाब! बोलण्याआधी कसा थांबतो! त्या मान वळवण्यालाच हशा पडू लागला. प्रेक्षकांतल्या विणकरांना मात्र दोन्ही वाक्यं दिसत, दादांचं आणि राजाचं. ते दोनदा हसत.

वकील विचारी, “महाराज, आपल्या राज्याच्या सीमा कुठवर?”

मान वळे. दादा. मोरचेल. मग राजा : “पूर्वेला आमचं राज्य तिथवर, जिथवर आमची म्हैस चरायला जाते. पश्चिमेलाही तसंच. म्हैस एकच आहे, त्यामुळे सीमा रोज बदलतात.”

ते दिवस असे होते की सीमा हा शब्द उच्चारला तरी माणसं ताठ बसत. मुंबई कुणाची, बेळगाव कुणाचं, नाक्यानाक्यावर तेच. त्यामुळे म्हशीच्या वाक्याला हशा पडे आणि हशात मागून कुणीतरी घोषणा देई. वसंत सिंहासनावरून हात वर करून घोषणेला दाद देई. राजाच तो.

हे नाटक एका चित्रपटवाल्याने पाहिलं आणि त्याचा माणूस चाळीत आला. त्याला वही हवी होती. वही एकच, दत्तारामभाऊंच्या ट्रंकेत. त्यांनी ती त्याच दिवशी दिली. त्यांना मोह कशाचाच नव्हता, एक सोडून : आपण उतरवलेलं पडद्यावर दिसावं. त्या संध्याकाळचं दोघांचं बोलणं भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच ते घरात आवाज काढून बोलत होते.

“वही दिलंस? माका इचारलंस?”

“इचारूक काय होया? तुकाच राजा करतले ते.”

“तसा म्हणाले?”

“बघूया म्हणाले.”

“बघूया!” वसंत म्हणाला. “माझा राज्य तू परस्पर देऊन टाकलंस, दादा.”

राजाचं काम अर्थातच एका नावाजलेल्या नटाला मिळालं. मंडळाच्या पोरांना दरबाऱ्यांची कामं दिली. दरबारही पाच माणसांचा राहिला नाही. “लोक तिकीट काढून पाच माणसं बघायला येणार होय?” असं म्हणून त्यांनी चाळीस दरबारी उभे केले. नाटकाचा जीव त्या पाच पगड्यांत होता, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. मोरचेल मात्र दत्तारामभाऊंकडेच राहिलं. आणि वसंताला तिसऱ्या रांगेत उभं केलं.

त्याने नाही म्हणावं असं सगळ्यांना वाटलं होतं. तो म्हणाला, “माका बघूचा हा, माझ्या गादयेर कोण बसता तो.”

तोवर भावाभावांचं बोलणं बंद होऊन तीन महिने झाले होते. इतरांच्या घरात अबोला म्हणजे आवाज बंद. त्यांच्यात अबोला म्हणजे एकमेकांकडे तोंडच करायचं नाही, कारण तोंड दिसलं की बोलणं आलंच. साच्यांवर ते पाठीला पाठ लावून उभे राहत. खोलीत एक भिंतीकडे तोंड करून जेवे, दुसरा दाराकडे. स्वयंपाक दत्तारामभाऊ करत, तो मात्र दोघांचा होई. भाकरी झाकून ठेवून ते गॅलरीत येत आणि आत ताट ओढल्याचा आवाज आला की मग परत जात.

परळकडच्या एका स्टुडिओत दरबाराचं शूटिंग झालं. मला ते मंडळाच्या पोरांनी सांगितलं. सिंहासन मध्ये. बाजूला मोरचेल घेऊन दत्तारामभाऊ, त्यांच्या पाठीमागे पायऱ्यांवर दरबारी, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. दिग्दर्शकाच्या मदतनिसाने ओरडून सांगितलं, “मागच्यांनी आपापसांत बोलल्यासारखं करायचं, आवाज नाही पाहिजे. आणि महाराजांचं वाक्य झालं की सगळ्यांनी हसायचं.” साचेखात्यातल्या पोरांना यापेक्षा सोपं काम कुठलं! नटाने नाटक चारदा पाहिलेलं होतं. सीमांचं वाक्य आलं तेव्हा त्याने हुबेहूब वसंतासारखी मान वळवली, मोरचेलवाल्याकडे कटाक्ष टाकला. त्याला वाक्य पाठ होतं. पण मान वळली म्हटल्यावर दत्तारामभाऊंचे ओठ आपोआप हलले. त्यांनी वाक्य दिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि लालबाग-परळ पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद. वसंताचा नाटकातला आवाज त्या दिवसांत रस्त्यावर ऐकू यायचा. एका सकाळी तो बाहेर पडला तेव्हा दत्तारामभाऊ खोलीत चटईवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी मला पुढे सांगितलं, “दारात थांबला होता. बराच वेळ. सावली भिंतीवर होती ना समोर, दिसत होती. मी म्हटलं, थांबू दे. बोलायचं तर पुढ्यात ये.”

दुपारी नाक्यावर गोळीबार झाला. संध्याकाळी चौघांनी त्याला खाटेवरून आणला. चाळीचे जिने अरुंद, खाट वर येईना. दत्तारामभाऊ खाली गेले. मी वरून पाहत होते. ते खाटेशी उकिडवे बसले आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. माणसं म्हणाली, धक्का बसलाय. मला मात्र त्यांचं बघणं ओळखीचं होतं. ओठांकडे नव्हे, सगळ्या तोंडाकडे.

चित्रपट उन्हाळ्यात लागला. चाळीने आधी जायचं नाही असं ठरवलं, मग वसंत दिसेल म्हणून सगळेच गेले. दत्तारामभाऊ माझ्या आईवडिलांच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. चित्रपट बरा होता. लोक हसत होते. दरबार आला. वकिलाने सीमा विचारल्या. राजाने मान वळवली. आणि मोरचेल हलवणाऱ्या दत्तारामभाऊंच्या खांद्यामागे, तिसऱ्या रांगेत, वसंत दिसला. पगडी त्याला थोडी मोठी झालेली. तो समोर, भावाच्या पाठीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले.

दादा.

पुढे तो आणखी काही बोलला. पण तेवढ्यात मोरचेल खाली आलं आणि त्याच्या तोंडावरून संथपणे पलीकडे गेलं. ते बाजूला झालं तेव्हा राजाचं वाक्य संपलं होतं आणि वसंत हसत होता. सगळेच दरबारी हसत होते. तसं त्यांना सांगितलेलं होतं.

थिएटरभर हशा होता आणि त्या हशात मध्ये मध्ये, जिथे जिथे आमच्या गिरणीची माणसं बसली होती तिथे तिथे, शांतता होती. विणकर सगळे. सगळ्यांनी वाचलं होतं. मी शेजारी पाहायचं धाडस केलं नाही. खुर्चीच्या हाताखाली त्यांचा हात मात्र दिसत होता. तो मोरचेल धरल्यासारखा मिटलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून साचेखात्यात दुसरा विषय नव्हता. मोरचेलाआड वसंत काय बोलला? एक म्हणे, माफी मागितली. एक म्हणे, शिवी दिली, त्याचा स्वभाव मला माहीत. एक म्हणे, पगडी टोचते म्हणाला असेल, तुम्ही उगाच नाटक करता. दत्तारामभाऊ सगळ्यांची तोंडं वाचत आणि धागा जोडत राहत.

मग ते रोज चित्रपटाला जाऊ लागले. पाळी सुटली की थेट. चाळीत लोक हळहळत, भावाला बघायला जातो बिचारा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “आज डाव्या हाताला कडेची खुर्ची घेतली. उद्या उजवीकडे बघतो.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांचं सगळं आयुष्य नाटकात गेलं होतं. नाटकात कडेला बसलं की खांबाआडचं माणूस दिसतं, पुढे बसलं की पायाशी पडलेलं दिसतं. मोरचेलाच्या पलीकडचं तोंड दिसेल अशी एखादी खुर्ची त्या थिएटरात असणारच, असा त्यांचा हिशेब होता. ते एकेक खुर्ची संपवत होते. पुढची रांग झाली, बाल्कनी झाली, कोपरे झाले. पडदा सपाट असतो, भाऊ, कुठूनही बसा, तेच दिसणार. हे एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. मी शिक्षिका होते. रोज चाळीस मुलांच्या चुका दुरुस्त करत होते.

एका रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं. “बाई, आज तुम्ही चला. तुमचे डोळे तरुण आहेत. तुम्ही उजव्या टोकाला बसा, मी डाव्या. कुणाला तरी दिसेल.”

मी गेले. उजव्या टोकाला, भिंतीला लागून बसले. दरबार आला. दादा. मोरचेल. हसू. बाहेर आल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले आणि आवाज न काढता विचारलं, “दिसलं?”

मला काहीही सांगता आलं असतं. ‘चल घरी’ म्हणाला. ‘राग गेला’ म्हणाला. आजही मी रात्री अंथरुणावर ती वाक्यं रचते, एकाहून एक चांगली. तेव्हा मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्या तोंडाकडे. “बरं झालं,” म्हणाले. “खोटं सांगितलं असतंत तर मला दिसलं असतं.”

आम्ही चालत निघालो. ट्राम गेली, गर्दी गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत एक टोळी चालली होती. मग ते एकदम म्हणाले, “बाई, कुठनं पण बसलं तरी मोरचेल मध्येच.”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “नाटकात असतं तर दुसऱ्या प्रयोगाला मी मोरचेल जरा खाली धरलं असतं.”

तरी त्यांनी आणखी एक प्रयत्न केला. मंडळाच्या पोरांपैकी कुणीतरी सांगितलं की तो शॉट तीनदा घेतला होता, चित्रपटात त्यातला एकच लावला. म्हणजे दोन प्रयोग शिल्लक होते! ते सुट्टी टाकून स्टुडिओत गेले. फिल्म जोडायच्या खोलीतला एक माणूस भला होता, त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, “गावकर, उरलेले तुकडे आम्ही ठेवत नाही. भंगारवाले नेतात. धुऊन त्याच्या बांगड्या करतात.”

हे त्यांनी मला गॅलरीत सांगितलं तेव्हा माझ्या हातात पिवळ्या बांगड्या होत्या. साध्याच, बाजारातल्या. ते बोलता बोलता थांबले आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर राहिली. मी हात पदराखाली घेतला. पुन्हा तसल्या बांगड्या मी घातल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. बाकीचे सगळे मोरचेलाआडच्या शब्दांचा विचार करत होते. ते त्याच्या आधीच्या शब्दाशी पोचले होते. “बाई, सीमांचं वाक्य आलं की तो काय करायचा? ‘दादा’ म्हणायचा. वाक्य मागायचा. त्या दिवशी पण वाक्य आलं. तिसऱ्या रांगेत उभा होता, पण राजा तोच ना? त्याने मागितलं. सवयीने म्हणा, रागाने म्हणा. त्याने मागितलं आणि मी दुसऱ्याला देत होतो.”

मी म्हटलं, “तुमची पाठ होती. तुम्हाला कसं दिसणार?”

“तेच म्हणतो मी,” ते म्हणाले. “पाठ होती.”

त्यानंतर त्यांचं वळून पाहणं सुरू झालं.

चित्रपट उतरला. पुढे तो कुठे लागल्याचं ऐकलं नाही. त्याची एकही प्रत शिल्लक नाही असं मला नंतर एका जाणकाराने सांगितलं. दत्तारामभाऊंनी मंडळ सोडलं नाही, पण मोरचेल धरलं नाही. महाराष्ट्र राज्य झालं, त्या दिवशी चाळीवर दिवे लागले. वसंताच्या नावाने नाक्यावर हार घातला. पुढाऱ्याने भाषणात त्याला ‘अनाम वीर’ म्हटलं. दत्तारामभाऊ माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाले, “नाव होतं की.” चारचौघांत असं बोलायची त्यांना सवय होती. त्यानंतरच्या वर्षांत साचेखात्याने त्यांचे कान घेतले, तसे सगळ्याच विणकरांचे घेतले. शेवटी शेवटी आम्ही दोघं आवाजाशिवायच बोलायचो. भाजी काय केली, पाणी आलं का. माझी आई गेली तेव्हा लोक येऊन पुष्कळ बोलले. ते समोर बसले आणि आवाज न काढता म्हणाले, “जेवा.” तेवढंच मला ऐकू आलं होतं.

ते कायमचे गावी निघाले त्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. त्यांचा मुलगा पुढे टॅक्सी थांबवायला गेला होता. यांच्या एका हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, वळकटीत मोरचेल. पिसं थोडी बाहेर आलेली. मला वाटलं, एवढ्या सामानानिशी आज काही वळणार नाहीत. पण दहा पावलं गेल्यावर त्यांनी ट्रंक खाली ठेवली, वळकटी सावरली, अख्खे वळले. रस्ता पाहिला. ट्रंक उचलली. पुन्हा दहा पावलं. पुन्हा ट्रंक खाली. पानवाल्याने हात केला, त्यांनीही केला.

गल्लीच्या तोंडाशी ते शेवटचे वळले. मी हात हलवला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या शेजारी पाहत होते, त्यांच्या खोलीच्या दाराकडे. दाराला मीच कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या मुठीत होती. त्यांचे ओठ हलू लागले. अंतर बरंच होतं, पण त्यांनी मला नीट शिकवलं होतं.

“पूर्वेला आमचं राज्य तिथवर,” ते म्हणाले, आणि थांबले. वाक्य देणारा थांबतो तसे, समोरच्याने तेवढं उचलेपर्यंत. मग, “जिथवर आमची म्हैस चरायला जाते.” पुन्हा थांबले. पश्चिम दिली. एकच म्हैस दिली. सगळं वाक्य त्यांनी दिलं, सावकाश, तोंड नीट उघडून. मग हशा संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभे राहिले, आणि त्यांनी मान हलवली. वाक्य बरोबर पडलं की ते मोरचेलाआडून हलवायचे तशी.

त्यांनी ट्रंक उचलली आणि ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

मी किल्ली मुठीत धरून तशीच उभी राहिले. शेजारच्या दाराकडे मी पाहिलं नाही.